सुलूचा पूर

सप्टेंबर उजाडला की मला मळमळायला लागतं.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीला. गॅलरीतून किनारा दिसतो. पाऊस सरत आलेला असतो, पण समुद्राचा रंग अजून उरलेल्या चहासारखा असतो. रात्रीच्या भरतीने काय काय आणून टाकलेलं असतं: प्लास्टिकच्या पिशव्या, जाळ्यांचे तुकडे, एखादी चप्पल, फुगून मेलेले मासे. आणि त्यातून वाट काढत पांढऱ्या बुटांची एक रांग धावत येते. मुलं, मुली. कुणीतरी शिट्टी वाजवत असतं. जाता जाता सगळे एकदम काहीतरी ओरडतात, आणि ते ओरडणं भिंतीवर आपटून माझ्या गॅलरीत येतं. कोपऱ्यावरच्या खांबाला नवा फ्लेक्स लागलेला असतो. लष्करात अधिकारी व्हा. परीक्षा जवळ आली.

हे दृश्य बघून लोकांचा ऊर भरून येतो. शेजारचे काका तर उभे राहून टाळ्या वाजवतात. मी आत जाते आणि दार लावून घेते.

आठ वर्षांपूर्वी त्या रांगेत मी होते. बीए झाले होते, इंग्रजी बरं होतं, वडील बोटीवर नोकरीला म्हणून घरात गणवेशाचं कौतुक होतं. कुणीतरी म्हणालं, मेधा, तू अधिकाऱ्यांच्या परीक्षेला बस. बसले. बसस्टँडजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर क्लास होता. तो जून ते सप्टेंबर मी तिथे घालवला. त्या चार महिन्यांचा एक वास माझ्या नाकात कायमचा बसलाय. ओल आलेली भिंत, न वाळलेले कॅनव्हासचे बूट, बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्यांवरची पावडर, आणि कच्ची अंडी. सर रोज सकाळी धावून आल्यावर आम्हाला दोन कच्ची अंडी फोडून प्यायला लावायचे. घशातून तो गिळगिळीत गोळा खाली उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. तोंड वाकडं केलं की सर म्हणायचे, "अधिकारी तोंड वाकडं करत नाही." मग आम्ही हसायचो. पिवळे ओठ घेऊन हसायचो.

सरांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. भिंतीवर त्यांचा गणवेशासारख्या दिसणाऱ्या कपड्यांतला फोटो होता. ते लष्करात होते असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनीही कधी नाही म्हटलं नाही. पुढे कळलं की ते पाच वेळा मुलाखतीला जाऊन पाचही वेळा परत आले होते. तेव्हा कळलं असतं तर मला त्यांची दया आली असती. पण ज्या माणसाला पाच वेळा 'तू नको' म्हणून सांगितलं गेलं, तो आम्हाला स्वतःला लपवायला शिकवत होता, हे कळायला मला फार वेळ लागला.

लेखी परीक्षा सोपी असते, असं ते म्हणायचे. गणित, इंग्रजी, सामान्यज्ञान घोकता येतं. खरी परीक्षा नंतरच्या पाच दिवसांची. तिथे ते माणूस बघतात. "आणि माणूस," सर टेबलावर बोट आपटून म्हणायचे, "बनवावा लागतो."

आणि ते आम्हाला बनवत होते. हात कसा मिळवायचा, खुर्चीत कसं बसायचं, कुठे थांबून हलकंसं हसायचं. पडद्यावर एक शब्द येतो आणि पंधरा सेकंदांत त्यावर मनात येईल ते वाक्य लिहायचं, अशी एक चाचणी असते. एका मागून एक साठ शब्द. मनात येईल ते, असं तिथे सांगतात. सरांकडे मात्र मनात काय यायला हवं त्याची छापील यादी होती. 'अंधार' आला की 'अंधारात टॉर्च उपयोगी पडतो'. 'पराभव' आला की 'पराभवातून नेता घडतो'. 'आई' आली की 'आई घराला शिस्त लावते'. आम्ही ती यादी पाढ्यांसारखी म्हणायचो. ऑगस्टच्या शेवटी तर अशी वेळ आली की संध्याकाळी आई म्हणाली, "मेधा, अंधार झाला गो, दिवा लाव," आणि माझ्या डोक्यात आपोआप टॉर्च लागला. मी दिवा लावला आणि तशीच उभी राहिले. माझ्या डोक्यात माझं असं काही उरलंय का, ते चाचपत होते.

त्या क्लासमध्ये आम्ही दोघीच मुली. मी आणि सुलू. सुलोचना हे तिचं कागदावरचं नाव. ती लांजा तालुक्यातली, काजळी नदीच्या काठच्या एका वाडीतली. वडील मुंबईला एका कँटीनमध्ये, गावी आई आणि भातशेती. रत्नागिरीत ती लांबच्या मावशीकडे राहायची. काळीसावळी, रुंद खांद्यांची, पायांत अशी ताकद की भगवतीच्या किल्ल्याचा चढ ती बोलत बोलत चढायची आणि मी मागे कठड्याला धरून ओकारी थांबवत असायचे. इंग्रजी तिला लिहिता यायचं, पण बोलताना ती एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा काढायची. सर तिच्यावर वैतागायचे. डब्यात तिच्या तांदळाची भाकरी आणि सुकट असायची. एक दिवस सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सुलोचना, हे खाऊन मुलाखतीला गेलीस तर दारातूनच परत पाठवतील." सगळे हसले. मीही हसले. मी मांडवीची, सुकटीच्या वासात वाढलेली, तरी हसले. सुलूने डबा बंद केला आणि दुसऱ्या दिवसापासून बिस्किटं आणायला लागली.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. आयुष्यात तुम्ही केलेलं सर्वांत कठीण काम. त्यासाठी प्रत्येकाकडे एक 'घटना' हवी. एका दुपारी त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. कुणी गॅदरिंग सांगितलं, कुणी क्रिकेटचा सामना. मी आईच्या आजारपणाबद्दल काहीतरी सांगितलं. सरांनी मान हलवली. मग सुलू उठली आणि मराठीतच सांगायला लागली.

आदल्या वर्षीच्या पावसात नदीचं पाणी तिच्या वाडीत शिरलं होतं. पुरुषमाणसं बहुतेक मुंबईला. शेजारच्या घरात एकटी राहणारी एक म्हातारी अडकली होती. सुलू दोराला धरून छातीभर पाण्यातून तिच्या घरात शिरली. म्हातारी माळ्याच्या तुळईला मिठी मारून बसलेली. पाणी कुजक्या गवताच्या वासाचं, त्यात मेलेल्या कोंबड्या तरंगत होत्या.

"ती सोडीच ना," सुलू म्हणाली. "मी सांगितला, ओरडल्ये, तिची बोटं उचकटली. ती मला चावली. मग मी तिच्या थोबाडीत मारली. जोरात. तवा सुटली. मग पाठीवर घेतल्ये नि आल्ये."

पाऊस खिडकीच्या पत्र्यावर वाजत होता. सुलूने मनगट पुढे केलं. त्यावर दातांची पुसट खूण अजून होती.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "घटना उत्तम आहे. थप्पड काढून टाकायची. चावणंही नको." आणि लगेच, जसं काही वर्गातली खडूची पेटी इकडून तिकडे ठेवायची आहे अशा सुरात, ते पुढे म्हणाले, "पण सुलोचना, हे तुला इंग्रजीत नाही सांगता येणार. वाया जाईल. ही घटना मेधा सांगेल. आणि तू ती सांगायची नाहीस. एकाच क्लासच्या दोघींनी एकच सांगितली तर पकडतात."

मी सुलूकडे बघितलं. आपण काही बोलायला हवं हे मला त्या क्षणी कळत होतं. आज मी ते कळलं नव्हतं असं म्हणू शकत नाही. पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात ती गोष्ट इंग्रजीत जुळायलाही लागली होती. पहिलं वाक्य तयार झालं होतं.

"घे गो तू," सुलू म्हणाली. "मला कुठं सांगता येतंय."

पुढचे कित्येक दिवस मी आरशासमोर उभी राहून तो पूर सांगत होते. पाणी कुठे छातीपर्यंत म्हणायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज हळू करायचा. मेलेल्या कोंबड्या काढल्या, वास काढला. म्हातारी शांत आणि हसरी केली. तीस-चाळीस वेळा सांगून झाल्यावर मला खरंच पाठीवर ओझं जाणवायला लागलं. त्याचा मला अभिमान वाटायचा. आज ते आठवलं की अंगावरून गोगलगाय गेल्यासारखं होतं.

लेखी परीक्षेत आम्ही दोघी पास झालो. क्लासच्या दारात आमच्या फोटोंचा फ्लेक्स लागला. थंडीत त्या पाच दिवसांच्या परीक्षेसाठी आम्ही दोघी भोपाळला गेलो.

पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त मुली घरी पाठवल्या गेल्या, आम्ही दोघी राहिलो. मैदानावर सुलू अशी काही होती की बाकीच्या मुली आपली पाळी विसरून बघत राहायच्या. भिंत, दोर, फळी, सगळं ती अंगणातून जावं तसं ओलांडत होती. एका गटात फळी पुरेना तेव्हा तिने काही न बोलता स्वतःचा खांदा दिला आणि तिघींना पलीकडे पाठवलं. मी तेव्हा मनात म्हटलं, हिचं नक्की होणार. आणि मला हेवा वाटला. तिचा पूर माझ्याकडे असूनही हेवा वाटला.

माझी मुलाखत चौथ्या दिवशी झाली. समोर पिकल्या मिशांचे एक अधिकारी होते. मऊ बोलत होते. इकडचं तिकडचं झालं आणि तो प्रश्न आला. मी सांगितलं. सुंदर सांगितलं. थांबायचं तिथे थांबले. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "त्या बाई घाबरल्या नव्हत्या?"

"नाही सर. मी शांतपणे समजावलं, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

ते थोडे हसले. "मी पुरातून माणसं काढली आहेत," ते म्हणाले. "बुडणारं माणूस असं येत नाही. नाव काय त्यांचं?"

मला नाव माहीत नव्हतं. इतक्या वेळा तिला पाठीवर घेऊन मी आले होते आणि एकदाही सुलूला विचारलं नव्हतं की ती कोण. माझ्या तोंडून निघालं, "सावित्रीबाई." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला, आमच्याकडे आंबा कधी तयार होतो असा काहीसा. नंतरचं सगळं ते अतिशय सौजन्याने बोलले. त्या सौजन्यानेच मला घाम फुटला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे क्रमांक पुकारले. माझा नव्हता. सुलूचाही नव्हता.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. पनवेल गेलं, डोंगर सुरू झाले. माझं मला काही विशेष वाटत नव्हतं, आश्चर्य सुलूचंच वाटत होतं. शेवटी मी विचारलं, "तुझं कसं नाही झालं गं? मैदानावर तर..."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मैदान चांगला झाला. मुलाखतीत विचारलान, सगळ्यात कठीण काम कुठला केलंस? मी म्हटलं, अजून काय नाय केला."

"सुलू!"

"परत विचारलान. दोनदा. म्हणाला, तुझ्यासारख्या मुलीने काहीतरी केलंच असणार, आठव. मी म्हटलं, नाय सर, काय नाय."

"पण पूर होता ना! सांगायचास!"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडगळ बोलले होते. "तो तुला दिलेला ना. मी सांगितला असता तर तू पकडली गेली असतीस."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी उठले, डब्याच्या टोकाला बेसिनपाशी गेले आणि ओकले. पोटात होतं ते सगळं पडलं तरी ओकत राहिले. परत आले तेव्हा सुलूने पाण्याची बाटली पुढे केली. मी त्या म्हातारीचं नाव विचारलं. "भागीरथी," ती म्हणाली. "का गो?" मी म्हटलं, काही नाही. सावित्रीबाईंचं तिला मी तेव्हाही सांगितलं नाही.

रत्नागिरी स्टेशनवर आम्ही वेगळ्या झालो. तिने पुन्हा परीक्षा दिली नाही. मीही नाही. मी बीएड केलं आणि इथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. सुलू एसटीत कंडक्टर झाली. रत्नागिरी-लांजा गाडीवर मी तिला पहिल्यांदा खाकीत बघितलं तेव्हा खांबाआड उभी राहिले. नंतर सवयच झाली. त्या बाजूला जायचं असलं की आधी दारात कोण उभं आहे ते बघायचं. ती असली तर गाडी सोडायची आणि मागची पकडायची. सात वर्षं मी हे केलं. आपल्याच गावच्या स्टँडवर चोरासारखी उभी राहत होते.

आणि हा सप्टेंबर आला.

आमच्याच घरात राहणाऱ्या काका-काकूंची ईशा, माझी चुलतबहीण, यंदा बारावीला आहे. आता मुलींनाही बारावीनंतर अधिकाऱ्यांची परीक्षा देता येते, म्हणून तिने त्याच क्लासला नाव घातलं. मला आधी कुणी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात ती नाचतच आली. हातात झेरॉक्सचा गठ्ठा होता. वर लिहिलं होतं 'निवडक घटना'.

"ताई, तू कधी बोलली नाहीस! तू पुरातून म्हातारीला वाचवलंस?"

मी कागद घेतला. छातीभर पाणी होतं, दोर होता, शांत आणि हसरी म्हातारी होती. तेव्हा मी सरांना लिहून दिलेलं, सगळं माझ्याच शब्दांत. खाली कंसात माझं नाव, गाव मांडवी. कागदाला तोच ओलसर, आंबूस वास. ईशाने ती गोष्ट तोवर अख्ख्या घराला वाचून दाखवली होती. काकू आत माझ्यासाठी शिरा करत होती.

मी गप्प बसू शकले असते. शिरा खाल्ला असता की झालं असतं. घरात ती गोष्ट माझी झाली असती, मग पोराबाळांना सांगितली गेली असती. मला माझ्या तोंडाची, त्यातून निघालेल्या प्रत्येक सफाईदार वाक्याची शिसारी आली. मी सगळ्यांना बाहेर बोलावलं आणि सांगितलं. थप्पड, चावा, कोंबड्या, सावित्रीबाई, सगळं. काकू झारा हातात धरून उभी होती. काका उठून अंगणात गेले. ईशा रडवेली झाली.

"मग मी काय सांगू मुलाखतीत? माझ्या आयुष्यात तर काहीच नाही घडलं."

मी तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये गेले. सर म्हातारे झालेत, केस रंगवतात. मी कागद पुढे ठेवला. "अगं, मानाने तुझं नाव छापलंय," ते म्हणाले. "किती पोरांना उपयोग झाला त्याचा! त्या दुसरीला काय, आठवतही नसेल." मी त्यांना म्हटलं, ते पान काढा, नाहीतर मी खाली फ्लेक्सपाशी उभी राहून येईल त्याला हे सांगेन. ते हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले. पान निघालं की नाही ते मला अजून माहीत नाही. येत्या शनिवारी पुन्हा बघायला जाणार आहे.

तिथून मी स्टँडवर गेले. लांजा गाडी लागली होती आणि दारात सुलू उभी होती. या वेळी मी चढले.

ती तिकिटं काढत माझ्यापर्यंत आली. ओळखलं. चेहरा हलला नाही. "कुठं?"

"लांजा."

"लांज्याला कोण हाय तुझं?"

"कुणी नाही. तुझ्याशी बोलायचंय."

तिने तिकीट दिलं. हातखंबा गेल्यावर गर्दी कमी झाली तशी येऊन शेजारच्या सीटवर बसली. "बोल."

मी बोलले. मुलाखतीतली सावित्रीबाई, छापलेला कागद, खांबाआडची सात वर्षं. ती समोरच्या काचेतून रस्ता बघत ऐकत होती. पाली मागे पडली.

"माफी मागायला आल्यास?"

"हो."

"नाय करायची मी माफ," ती म्हणाली. रागाने नाही, 'पुढची गाडी चार वाजता' म्हणून सांगावं तसं. "तू घेतलास त्याचा एवढा नाय गो. मी दिला, त्याची मला माझीच किळस येते. अजून. भागीरथी काकी गेली दोन वर्षांमागे. शेवटपर्यंत गावभर सांगायची, सुलूनं मला थोबाडीत मारलान नि जगवलान. नि मी तिथं त्या सायबाला म्हणाल्ये, काय नाय केला. आधी ती माझी किळस जाऊदे. मग तुझा बघू."

ती उठली, मागे कुणी हात केला होता तिकडे गेली. मी गजाला धरून बसून राहिले. माझ्याकडे तयार असं एकही वाक्य नव्हतं.

लांज्याच्या स्टँडवर सगळे उतरले. मी खाली उतरून उभी राहिले, तेव्हा ती दारातून म्हणाली, "ती तुझी बहीण. खरंच जायचंय तिला?"

"हो. खूप."

"रविवारी माझी सुट्टी असते. पाठव तिला वाडीवर. नदीला अजून पाणी हाय, दोर बांधून उतरवत्ये. म्हंजे कळेल, पाणी कसं ओढतं." आणि मग ड्रायव्हरला घंटी द्यायला हात वर नेता नेता म्हणाली, "वही आणू नको म्हणावं."

रविवारी ईशा सकाळच्या गाडीने गेली. जुने कपडे घालून, हात हलवत, वही न घेता. मी तिला स्टँडपर्यंत सोडलं आणि परत आले. मला बोलावलेलं नव्हतं.